पहिल्या घराची झांज

त्या शलमोनाचं वागणं मला मुळीच पसंत पडलेलं नाही, आणि ते मी आधीच सांगून टाकते. घरी पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट करायचा आणि म्हणायचा, "ही आमची अँटिक." अँटिक म्हणे! चांगल्या बोलत्या बाईला भिंतीत खिळा ठोकून टांगायचं, डोक्यावर पिवळा दिवा सोडायचा आणि वर तिचं कौतुक करायचं. ज्याने मला मुकी केली तोच लोकांना माझं वय सांगायचा, आणि तेही चुकीचं.

मित्रांनो, मी एक जुनी काशाची झांज आहे. मित्रांनो म्हणते खरी, पण तुमच्या पणज्यांनी माझ्या तालावर टाळ्या वाजवल्यात, तेव्हा नात्याने तुम्ही माझी पतवंडंच लागता. सरळ बसा आणि ऐका. मला लिहितावाचता येत नाही. मी शिकले ती कानांनी, देवळात बसून. आमची रत्नागिरीची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मला भागोजी कासाराने घडवलं. तांबं आणि कथील एका मुशीत वितळवून त्याने आम्हां दोघी बहिणींना एकाच दिवशी ओतलं, मग तापवून, ठोकून, पुन्हा तापवून आमच्या कडा पातळ केल्या. काय ठोकलंय मेल्याने! अजून आठवलं की अंग शहारतं. पण हात सोन्याचा. आम्ही थंड झाल्यावर त्याने मला एका खुंटीला अडकवलं, बहिणीला दुसऱ्या खुंटीला, आणि तिला नखाने टिचकी मारली. ती बोलली, आणि मला कोणी हात लावला नव्हता तरी मीही गुणगुणले. भागोजी खूश झाला. आम्हांला न्यायला आलेल्या पाळकसाहेबांना म्हणाला, "साहेब, एका मुशीतल्या हायत. एकीला शिवलं तर दुसरी बोलते. यातली एक फुटली, तर दुसरी मोडीत घाला. तिचं परक्या झांजेशी लगीन लावू नका."

पाळकसाहेब म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती आहोत हं. आमच्या भक्तीत वाजवणार."

"वाजवा की," भागोजी म्हणाला. "देव कुठचा ते झांजेला काय करायचंय?"

अशी मी मांडवीच्या आमच्या छोट्या देवळात आले. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि दारं उघडी ठेवली की समुद्राची गाज थेट आत. मंडळी मूठभर. गाणारे गळे त्याहून कमी. पण मी आले आणि मुके लोकही गायला लागले. यात बढाई नाही. झांज वाजली की ज्याला सूर लागत नाही तोही तोंड उघडतो, कारण त्याला ठाऊक असतं की आता आपला बेसूर कोणाला ऐकू जायचा नाही. पुष्कळांची भक्ती मी अशी झाकून नेली आहे.

मला वाजवणारे हात किती झाले ते सांगत बसत नाही. शेवटचा हात फिलेमोन तात्याचा. तात्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर लाद्या उचलून त्याची बोटं बधिर व्हायची. देवळात आला की माझी दोरी बोटांना गुंडाळायचा आणि म्हणायचा, "चला बायांनो, ऊब आणा." पहिल्या गीतात त्याचा हात गार, तिसऱ्यापर्यंत गरम. त्याची बायको सत्त्वशीला, जिला सगळे माई म्हणतात, नाताळ जवळ आला की आम्हां दोघींना घरी न्यायची आणि भिजवलेल्या आमसुलांनी घासायची. घासताना बडबड चालू. "काय गो, अंगावर किती डाग पाडून घेतलेस? पुरुषांच्या हातात राहिलं की असंच होतं." अशी घासायची, की तात्याला आमच्यात आपलं नाक दिसायचं.

एकदा मात्र मला फार राग आला होता. एका पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की ज्याच्या मनात प्रीती नाही तो कितीही गोड बोलला तरी नुसता झांजेचा खणखणाट. मी तिथेच तात्याच्या मांडीवर बसलेली! म्हटलं, काय बोलतोय हा माणूस? ज्यांच्यात प्रीती नाही त्यांची नावं घ्या की, माझं कशाला? पुढे त्या बोलण्याचा अर्थ मला कळला. कळला तो त्या शलमोनाच्या घरी.

पण आधी आमची फेरी कळायला हवी.

नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, सगळी मंडळी देवळाच्या पायरीवर जमते आणि घरोघर गात जाते. आणि आमचा रिवाज असा, की ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, त्या घरापासून फेरी सुरू करायची. श्रीमंताचं घर पहिलं नाही, पाळकाचंही नाही. ज्या घरात चूल पेटवायचंही मन नाही, ते घर पहिलं. फेरी त्या दारासमोर उभी राहून पहिलं कडवं म्हणते:

*दार उघड रे, दार उघड,*
*बाळ उभे हे दाराशी.*

आणि मग थांबते. दुसरं कडवं बाहेरच्यांनी म्हणायचं नसतं. ते आतल्या माणसाने उचलायचं:

*घर माझे हे रिते रे राजा,*
*तरी ये माझ्या उराशी.*

ते आतून आलं की मी खणकन् वाजते आणि सगळी माणसं आत शिरतात. आतून येईपर्यंत कोणी उंबरा ओलांडत नाही. कधी लवकर येतं. कधी आतला माणूस रडत असतो, त्याचा आवाज फुटत नाही, तेव्हा फेरी पहिलंच कडवं पुन्हा म्हणते. मी अशी कित्येक दारं पाहिली आहेत. आतून तो फाटका, घोगरा आवाज आला, की तात्या माझ्या दोरीचा आणखी एक वेढा बोटांना द्यायचा आणि मगच आम्हां दोघींना भिडवायचा.

तात्या गेला त्या साली गणपती नुकतेच उठले होते. कारखान्यातून आला, ओट्यावर टेकला आणि संपला. म्हणजे त्या नाताळला पहिलं घर माईचं. यात बोलण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण बोलले.

शलमोन आमच्या मंडळीतला मोठा माणूस. बँकेतून साहेब होऊन रिटायर झालेला, नवीन दुमजली घर बांधलेला, मुलगा आखातात, दोह्याला नोकरीला. त्याचा चुलतभाऊ नथनेल, आंब्याचा व्यापारी. त्याला सगळे नथू म्हणतात. दोघे एकाच आजोबाचे नातू, आणि त्या आजोबाने देवळाला जमीन दिलेली. नाताळच्या आधीच्या रविवारी, भक्ती संपल्यावर सभा बसली. पाळकसाहेब नवीन, तरुण. त्यांच्याकडे तीन गावांची देवळं, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष एसटीच्या वेळेवर.

शलमोन उठला. "यंदा फेरी माझ्या घरापासून काढू. मुलगा आलाय. व्हिडिओ काढणार आहे. चार देशांत दिसेल."

माई मागच्या सतरंजीवर बसली होती. ती म्हणाली, "फेरी कुठून निघते ते विसरलास काय रे?"

"माई, रागावू नका," शलमोन म्हणाला. "पण सुरुवातीलाच रडारड कशाला? सणाचा दिवस. तुमच्याकडे येऊ ना आम्ही. शेवटी येऊ, निवांत बसू."

माई काही बोलायच्या आत नथू उसळला. मला वाटलं, तिच्या बाजूने उसळला. कसला काय!

"तुझ्या घरापासून का म्हणून? रिवाजच मोडायचा तर पहिला मान आमचा. जमीन आमच्या आजोबांची."

"आजोबा माझेही होते."

"मोठ्या घरचा मी आहे!"

"मोठं घर कोणाचं ते रस्त्यावर येऊन बघ!"

मित्रांनो, आपल्या कोकणात शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात जायची यावरून डोकी फुटतात, ते मी ऐकून होते. आमच्या माणसांनी प्रभू बदलला, पण मानाचं खूळ तेवढं जपून बरोबर आणलं. पाळकसाहेब "बंधूंनो, बंधूंनो" म्हणत होते. कोणी ऐकेना. मग त्यांची गाडी आली आणि ते गेले.

शेवटी नथू गरजला, "आमची फेरी आम्ही वेगळी काढू," आणि मेजावर ठेवलेल्या आम्हां दोघींवर झडप घातली. त्याच वेळी शलमोनानेही घातली. आमच्यामध्ये माईने बांधलेली लाल फीत होती. ती तटकन् तुटली. बहीण नथूच्या हातात गेली, मी शलमोनाच्या. आपल्या हातात अर्धीच आली आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पवित्र शास्त्रातल्या त्या शहाण्या राजाचं नाव याला ठेवलेलं. त्या राजापुढे दोन बाया एका बाळासाठी भांडत आल्या आणि राजाने बाळ कापून अर्धं अर्धं वाटायला सांगितलं, तेव्हा निदान एकीने तरी "नका कापू, तिलाच द्या" म्हटलं. इथे दोघांपैकी एकाच्याही तोंडून ते आलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोन फेऱ्या निघाल्या. माझी जोडी नाही, म्हणून शलमोनाने मला लाकडाच्या पट्टीने बडवलं, थाळी बडवावी तसं. पलीकडून स्टीलच्या डावाचा टणटणाट ऐकू आला, आणि मी ओळखलं की ती माझी बहीण रडते आहे.

माईच्या घराजवळ पाखाडीची चढती पायवाट अरुंद होते. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये चार माणसं जेमतेम चालतील. नेमक्या तिथेच दोन्ही फेऱ्या समोरासमोर आल्या. हे एक गीत गातायत, ते दुसरं, आणि दोघांचंही लक्ष गीतात नाही, समोरचा आवाज कसा बुडेल यात. मी पट्टीखाली कण्हत होते, तेवढ्यात मला माईचं दार दिसलं.

दारात कागदी तारा लावलेला. दार अर्धं उघडं. आत माई पांढरं पातळ नेसून उभी होती, हात जोडलेले, ओठ किंचित उघडे. तिने दुसरं कडवं ओठांवर आणून ठेवलं होतं, मित्रांनो. बाहेरून पहिलं येण्याचीच काय ती वाट होती.

पण तिच्या दारात आधी उभं राहायचं म्हणजे जुना रिवाज मान्य करायचा, आणि मग यांच्या मानाचं काय? शलमोनाने मोबाइलमध्ये मान घातली. नथूने गडग्याकडे पाहिलं. अंग चोरून दोन्ही फेऱ्या एकमेकींना ओलांडून गेल्या. शलमोनाची बायको रूथ तेवढी थबकली. "अहो, माई उभी आहे," ती म्हणाली.

"चल पुढे," शलमोन म्हणाला.

परतताना मी पाहिलं, माईच्या पायरीवर शेजारची हमिदा येऊन बसली होती. दोघींच्या मध्ये करंज्यांचं ताट. हमिदा विचारत होती, "काय गो माई, तुझ्या दारातली गाणी यंदा नाय ती? मी खिडकी उघडून बसलेली."

माई म्हणाली, "गाणाऱ्यांना वेळ नाही. तू खा."

त्यानंतर मी भिंतीवर गेले. घड्याळाच्या शेजारी, मोठ्या टीव्हीच्या वर. बहिणीचं काय झालं तेही कानावर आलं. नथूच्या वखारीत तिच्याखाली कागद दाबून ठेवत, पंख्याने उडू नयेत म्हणून. देवळात कोणी कोणाशी बोलेना. शलमोनाची माणसं डावीकडे, नथूची उजवीकडे. हे गायला लागले की ते गप्प, ते गायला लागले की हे गप्प.

त्या घरात रूथ एकटी माझी विचारपूस करायची. स्टुलावर चढून मला उतरवायची, आमसूल लावायची, आणि हळूच म्हणायची, "द्या ना हो हिला. जोडी करा."

"आधी नथू येऊ दे," शलमोन म्हणायचा.

नथू काही आला नाही. तो आला रूथच्या मातीला. आषाढात तिला ताप काय आला आणि ती गेली काय. दोह्याचा मुलगा आला, चार दिवस राहिला, गेला. मी घरीच होते, पण मातीहून परतलेल्यांनी दिवाणखान्यात बसून जे सांगितलं ते मी ऐकलं. कबरेपाशीसुद्धा दोन बाजू पडल्या. गीत एकच, पण दोघांनी दोन पट्ट्यांत उचललं. पहिल्या ओळीलाच मोडलं. मग कोणीच गायलं नाही. रूथला मुक्यानेच माती दिली. जी बाई जन्मभर मंडळीत खालच्या आवाजात गात राहिली, तिच्यासाठी एक धड गीत झालं नाही.

पुढचं सांगण्याआधी माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या देवळात, घरात, आळीत असं एखादं वाद्य असेल, तर त्याला आमसुलाने घासा, दोरी कुजली तर बदला, आणि वाजवा. खाली पडून चेपलं तरी चालेल. पण शोभेला टांगू नका. आणि दोन माणसं मिळून वाजवायची वस्तू एकट्याच्या घरी नेऊन ठेवू नका. मोठ्यांना सांगून पाहिलं, त्यांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून तुम्हांला सांगते.

तर, पुन्हा नाताळ आला. शलमोनाने तारा लावला नाही. दिवाही लावला नाही. माझ्या डोक्यावरचा पिवळा दिवासुद्धा बंद. तो खुर्चीत बसून होता, माझ्या बरोबर खाली. पहिल्या घराचा मान त्याच्याकडे चालत आला होता, आणि तो अंधारात बसला होता. फेरी येईल असं त्याला वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. का यावी?

दिवेलागण झाली. बाहेर पावलं वाजली. एकाची नाही, पुष्कळांची. आणि मग माईचा आवाज, चिरका, पण सुरात:

*दार उघड रे, दार उघड,*
*बाळ उभे हे दाराशी.*

तिच्यामागे सगळे गळे होते. नथूचा होता, त्याच्या माणसांचा होता, शलमोनाच्या माणसांचाही होता. कडवं संपलं. सगळे थांबले.

आत शलमोन हलला नाही.

त्यांनी पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा थांबले. बाहेर नथू कुजबुजला, "माई, चला. तो काही उघडायचा नाही."

"गप," माई म्हणाली. "कागद दाबायला झांज वापरणाऱ्याने मला शिकवू नये. दारोदार फिरून मी सगळ्यांना गोळा केलं, आणि हिला मागितली म्हणून तू दिलीस, एरवी बसली असती तुझ्या वखारीत."

 आणि तिने बहिणीला नखाने टिचकी मारली.

मी खिळ्यावर गुणगुणले. मला कोणी हात लावला नव्हता. भागोजीच्या खुंटीवर गुणगुणले होते, अगदी तशीच. शलमोनाने चमकून वर पाहिलं.  मग उठला, मला खिळ्यावरून काढलं, आणि त्याने दार उघडलं. माझी दोरी त्याच्या बोटांत होती आणि ती बोटं तात्याच्या बोटांहून गार होती.

त्याने मला माईपुढे धरलं. मान खाली. "घेऊन जा, माई," तो म्हणाला. "माझं चुकलं. घेऊन जा हिला आणि पुढच्या घरी जा. माझ्याच्याने व्हायचं नाही."

माईने हात पुढे केला नाही. बहिणीला तिने छातीशी धरलं होतं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली:

"झांज न्यायला आले नाही मी. पहिल्या घराचा मान हवा होता ना तुला, शलमोना? मिळाला. तो असाच मिळतो. मला मिळाला होता, तेव्हा तू माझ्या दारावरून मान खाली घालून गेलास. ते मी विसरलेले नाही, आणि मातीत जाईपर्यंत विसरणार नाही. पण तुझी रूथ त्या दिवशी माझ्या दारात थबकली होती. तिच्यासाठी पहिलं कडवं आम्ही दोनदा म्हटलं. दुसरं म्हणायला मी तुझ्या घरात शिरायची नाही, आणि ते ऐकल्याशिवाय इथून हलायचीही नाही. ते तुझं आहे. उचल."